सावकाश चालणारी मशीनगन

नाव: श्री. गुणाजी हिराजी मोकल. राहणार: मौजे निडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड. शिक्षण: दहावी, दुसऱ्या प्रयत्नात. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: डाव्या कानाने कमी ऐकू येते, मात्र तसे कोणी म्हटल्यास ऐकू येते. अनुभव: सैन्यदलाच्या शस्त्रदुरुस्ती विभागात प्रदीर्घ व निष्कलंक सेवा. सदर इसम स्वयंचलित शस्त्रास्त्रांच्या सर्व प्रकारांत निष्णात असून अत्यंत दक्ष, शिस्तप्रिय व जोखमीच्या जागी नेमणूक करण्यास सर्वथैव योग्य आहेत.

हे वर्णन रोह्यातल्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका सिक्युरिटी एजन्सीनं केलेलं होतं, आणि त्याच्या जोरावर गुणाजीला जोखमीची जागा मिळालीही. कंपनीचं मागचं गेट, कायमची रात्रपाळी. त्या गेटातून रात्रभर आत-बाहेर करणारी मुख्य व्यक्ती म्हणजे एक मांजर होतं. शस्त्र म्हणून एजन्सीनं त्याला शिट्टी दिली होती.

सकाळी पाळी सुटली की गुणाजी रोह्याला गाडीत बसायचा आणि पुढच्याच स्टेशनावर, निडीला, उतरायचा. तो उतरायचा त्याच डब्यात हौसा चढायची. हौसा म्हणजे त्याची बायको. पेणच्या पुढे, हमरापूरजवळच्या जोह्याला तिच्या चुलतभावाचा, काळुरामचा, गणपतीचा कारखाना आहे; तिथे ती मूर्तींचे डोळे आखायला जाते. गाडी निडीला थांबते ती थांबल्यासारखं दाखवण्यापुरती. तेवढ्यात हौसा घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवायची आणि जे काय बोलायचं ते बोलून घ्यायची.

"भात टोपात हाय. कालवण गरम करा."

"व्हय."

"आणि झोपा. परवासारखं अंगणात बसून राहू नका."

"मी कुठं बसलो?"

पण तोवर गाडी हललेली असायची. संध्याकाळी हौसा उतरायची, तो चढायचा, आणि किल्ली उलट दिशेनं जायची. मुलगी अनिता लग्न होऊन पनवेलला गेल्यापासून घरात तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे घरात एका वेळी एकच माणूस असे, आणि संसार फलाटावर होता.

गुणाजीला यात नवीन काही वाटत नसे. मशीनगनचा एक प्रकार असतो, धक्क्यावर चालणारा. त्यात नळी आणि तिच्या मागचा बोल्ट, म्हणजे काडतुसाचं तोंड बंद करून धरणारा लोखंडी ठोकळा, हे दोघं एकमेकांत अडकवलेले असतात. गोळी सुटली की तिच्या धक्क्यानं दोघं मिळून थोडे मागे सरकतात. थोडेच. मग कडी सुटते. नळी थांबते आणि आपल्या जागी परत जाते. बोल्ट एकटा मागे जातो, रिकामं काडतूस ओढून बाहेर टाकतो, शेवटच्या स्प्रिंगवर आपटतो, आणि स्प्रिंगनं लोटलं की वाटेत पट्ट्यातलं नवीन काडतूस घेऊन पुन्हा नळीशी येऊन अडकतो. कडी लवकर सुटली तर काडतूस तोंडावर फुटतं. सुटलीच नाही तर बंदूक अडते. सैन्यातल्या माणसाचा संसार याखेरीज दुसऱ्या कुठल्या तत्त्वावर चालत असेल असं गुणाजीला वाटत नसे. सुट्टीपुरती दोघं एका दिशेनं जायची, मग कडी सुटायची. निवृत्तीनंतर फरक एवढाच पडला, की पूर्वी वर्षातून एकदा व्हायचं ते आता दिवसातून दोनदा होऊ लागलं. वेग वाढला.

आणि वेग ही गोष्ट गुणाजीला मनापासून मानवत नसे. लोकांना मशीनगन माहीत असते ती धडधडणारी. गुणाजीनं ती तशी फार कमी पाहिली. त्याच्याकडे यायची ती आजारी बंदूक. टेबलावर उताणी पाडून तो बोल्ट हातानं मागे ओढायचा, हातानंच पुढे सोडायचा, कुठे खरखरतंय ते बोटांना कळू द्यायचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत जे अनेकदा होऊन जातं, ते त्यानं चहा पीत पीत एकेकदा पाहिलं. दुरुस्तीनंतर चाचणी दुसरे घ्यायचे. हा बाजूला उभा राहायचा, डावा कान त्या बाजूला करून. त्या कानात नंतर एक बारीक, लांबचा आवाज कायमचा राहायला आला. भाताच्या खाचरांवर दुपारी असतो तसा. त्यामुळे गुणाजी कुठेही असला तरी थोडासा दुपारीच असे.

त्यात रात्रीचं जागरण. दिवसा तो झोपायचा म्हणजे झोपेच्या काठावर पाय सोडून बसायचा. पत्र्यावरून ऊन सरकायचं, लांबून मालगाडी जायची, आणि मिटल्या डोळ्यांपुढून बंदुका सावकाश जायच्या: बोल्ट मागे, काडतूस बाहेर, बोल्ट पुढे. कोणावर रोखलेल्या नसायच्या. मेंढरांसारख्या आपल्या आपल्या चालायच्या. त्याला बरं वाटायचं. जाग आली की संध्याकाळची गाडी.

त्या साली पेणच्या एका मंडळाचा अध्यक्ष आदेश काळुरामच्या कारखान्यात आला. आदेश जमिनींचे व्यवहार जुळवायचा आणि उरलेल्या वेळात समाजप्रबोधन करायचा. त्याला हलता देखावा हवा होता. विषय: सीमेवरचा जवान, मशीनगनसकट, मशीनगन चालू.

"चालू म्हंजे?" काळुरामनं विचारलं.

"चालू म्हंजे चालू. पट्टा सरकला पायजे. पब्लिक थांबलं पायजे."

काळुरामच्या कारखान्यात आजवर हललेली एकमेव गोष्ट म्हणजे पंखा. पण त्याला बहिणीचा नवरा आठवला. त्यानं गुणाजीला फोन केला आणि फोनवर जे सांगितलं ते इतकं सरळ होतं, की गुणाजीला चांगल्या कानानंही दोनदा ऐकावं लागलं. "भावोजी, हा एक देखावा मंडळानं उचलला ना, तर हलत्या देखाव्यांचं काम मी कायमचं धरतो. बारा महिने. मग ती शिट्टी द्या परत आणि ताईबरोबर सकाळच्या गाडीनं येत जा."

ताईबरोबर सकाळच्या गाडीनं. हे वाक्य गुणाजी बराच वेळ हातात घेऊन बसला. त्यानं कंपनीत रजा टाकली. कारण लिहिलं: घरगुती.

पहिल्या दिवशी दोघं निडीच्या फलाटावर शेजारी शेजारी उभी राहिली, तेव्हा गाडी आल्यावर सवयीनं हौसानं किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि सवयीनं त्यानं ती घेतली. मग दोघंही डब्यात चढली. नागोठणं मागे पडेपर्यंत काय बोलावं ते दोघांना सुचेना. इतका वेळ त्यांना कधी मिळाला नव्हता.

"ती बंदूक चालती कशी?" शेवटी हौसानंच विचारलं. "कोण ओढतं तिला सारखं?"

"कोण नाय गो. गोळी सुटते तिच्याच जोरावर पुढची भरते. काही धक्क्यावर चालतात. आणि काही वायूवर. म्हंजे कसं, दारू पेटली की गोळीमागं वायू धावतो. नळीला वाटेत बारीक भोक असतं. गोळी त्या भोकाच्या पुढं गेली की थोडा वायू त्या भोकातून बाजूच्या नळकांड्यात शिरतो आणि आतल्या दट्ट्याला मागं लोटतो. दट्ट्या बोल्टची कडी सोडवतो. पुढचं तेच. ओढा, टाका, नवीन घ्या."

हौसा खारेपाटातली. तिचे वडील खाडीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार: भरती चढली की खारं पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की शेतातलं गोडं पाणी तीच झडप आतून लोटून बाहेर जातं.

"म्हंजे आमची उघाडी," हौसा म्हणाली. "पाणीच दार लावतं, पाणीच उघडतं. बाबा नुसतं बघत बसायचं."

"तसंच."

"पण त्यांना कोणी मेडल नाय दिलं."

गुणाजी हसला. खिडकीबाहेर डोंगर सावकाश मागे जात होते, तारांवर बगळे निवांत बसले होते, आणि त्याला वाटलं की गाडी आणखी थोडी रखडली तरी चालेल. गाडीनंही ऐकलं, कासूला ती उगीचच उभी राहिली.

"आणि काळ्यासारखी पण असते एक," तो म्हणाला.

"आमच्या काळुरामसारखी?"

"तिला कडीच नसते. बोल्ट नुसता जड. काडतुसानं मागं लोटलं तरी जडपणामुळं लगेच हलत नाय. हलेपर्यंत गोळी गेलेली असते, जोर ओसरलेला असतो. मग थोडा मागं जातो आणि परत जागेवर."

गिऱ्हाइकांशी बोलताना काळुराम कसा खुर्चीत बसतो ते आठवून हौसा पदराआड इतकी हसली, की समोरची मासळीची पाटी घेतलेली बाई कारण न कळता हसू लागली.

कारखान्यात पाऊल टाकल्यावर गुणाजीला चौथा प्रकार दिसला. हा प्रकार त्यानं सैन्यात लांबूनच पाहिला होता: नळ्यांचा जुडगा, मोटारीनं गोल फिरणारा. तिथे काडतुसाच्या मेहेरबानीवर काही नसतं, सगळं मोटार करते; एखादं काडतूस पेटलंच नाही तरी फिरता फिरता बाहेर फेकलं जातं. एक नळी भरत असते, एक झाडत असते, एक रिकामी होत असते, आणि बाकीच्या तेवढ्यात थंड होतात. काळुरामच्या पडवीतही एका टोकाला साच्यात प्लास्टर ओतत होते, पुढे साच्यातून मूर्ती काढत होते, पुढे पॉलिश पेपरनं घासत होते, पुढे रंग. पांढऱ्या धुळीत ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात असंख्य गणपती, कोणी कानाशिवाय, कोणी रंगाशिवाय, शांतपणे आपली पाळी येण्याची वाट बघत होते. सगळ्यांचे डोळे कोरे. ते शेवटच्या खोलीत, हौसाकडे.

गुणाजीनं बंदूक लाकडाची केली. एका बाजूनं उघडी ठेवली, म्हणजे आतलं दिसावं. सागाचा बोल्ट, पितळी रंग दिलेली लाकडी काडतुसं, जाड कापडाचा पट्टा, खाली पंख्याची जुनी मोटार आणि दातेरी चाकांची रांग. वायू नव्हता, धक्का नव्हता. ते काम मोटार गुपचूप करत होती. पण बाहेरून बघणाऱ्याला गोळीच सगळं करतेय असं वाटावं म्हणून त्यानं प्रत्येक हालचाल तिच्या तिच्या क्रमानं बसवली. रात्रीची सवय मोडायला तयार नव्हती, म्हणून दिवसभर तो अर्धा झोपेत असे, आणि हात मात्र बरोबर चालत. मिटल्या डोळ्यांपुढून जाणाऱ्या बंदुका जशा जात, तशीच ही चालू लागली. तसाच वेग.

जवानाचा प्रश्न होता. काळुरामकडे जवानाचा साचा नव्हता. त्याच्याकडे होते ते देव.

"विठोबा बाद," काळुराम म्हणाला. "हात कमरेवर. राम चालंल. एक हात पुढं, एक मागं. धनुष्य काढलं की झालं."

"काळुराम, मशीनगन उभ्यानं चालवत नाय. आडवं पडून चालवतात."

"देव आडवा पडलेला लोकांना चालत नाय, भावोजी. तुम्ही तिवई उंच करा."

तिवई उंच झाली. रामाला हिरवा गणवेश आणि शिरस्त्राण मिळालं. मग डोळ्यांसाठी तो हौसाकडे गेला. डोळे आखताना त्या कारखान्यात पंखा बंद करतात आणि कोणी बोलत नाही. गुणाजी दाराशी उभा राहून हळूच म्हणाला, "नजर समोर, निशाणावर." हौसानं मान हलवली, श्वास धरला, आणि कुंचला टेकवला.

पण तिच्या हाताला एकच नजर येत होती. वरची पापणी थोडी खाली, बुबुळ समोर उभं राहणाऱ्या माणसावर, कडेला जरा पाणी असल्यासारखी चमक. वर्षानुवर्षं हात तेच करत आला होता. पंखा पुन्हा सुरू झाला तेव्हा जवान मशीनगनमागे उभा राहून नजर बाजूला वळवून, दाराशी उभ्या असलेल्या गुणाजीकडे अपार मायेनं बघत होता.

"हे असं कसं झालं गो?" गुणाजी म्हणाला.

"मी तर समोरच काढलं," हौसा म्हणाली, आणि तिचा तिलाच विश्वास बसेना. "आता खरवडलं तर कपाळ जाईल."

आदेश देखावा बघायला आला तेव्हा त्याला खुर्ची दिली, चहा दिला. गुणाजीनं बटण दाबलं. बोल्ट मागे निघाला. जात राहिला. काडतूस अंग मोडत बाहेर आलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि टोपलीत पडलं. पट्टा एक घर सरकला. नवीन काडतूस नळीसमोर आलं. बोल्ट परत निघाला. दारावर दोन कारागीर हातातलं काम विसरून उभे होते.

आदेशनं अर्धा कप चहा संपवला.

"काका, ही मशीनगन हाय का जातं?"

"असं बघितलं तर आतलं कळतं," गुणाजी म्हणाला.

"आतलं कोणाला कळायचंय? आणि हा जवान? हा शत्रूला आशीर्वाद देतोय! पब्लिक थांबलं पायजे म्हटलं होतं, झोपलं पायजे नाय."

"वेग वाढवून देतील ना भावोजी," काळुराम जरा उशिरानं हलला.

गुणाजीनं वेग वाढवला. करायला नको होतं हे त्याला ठाऊक होतं, पण पट्ट्याच्या पलीकडे त्याला सकाळची गाडी दिसत होती. मोटार गुरगुरली, पट्टा सापासारखा वळवळला, बोल्ट आणि काडतूस यांची वेळ चुकली, आणि एक लाकडी काडतूस पडवीतून उडत गेलं. गुणाजीच्या हातच्या बंदुकीतून नागरिकांच्या दिशेनं सुटलेलं हे पहिलंच. ते आदेशच्या उरलेल्या चहात पडलं.

आदेशनं शर्टाकडे पाहिलं, काळुरामकडे पाहिलं, आणि "दुसरा कारखाना बघतो" म्हणून गेला. संध्याकाळच्या गाडीत गुणाजी आणि हौसा समोरासमोर बसली. निडीला हौसा उतरली. त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि तो तसाच पुढे, रोह्याला. रजा संपली होती.

मागच्या गेटावर मांजर होतं. त्यानं विशेष चौकशी केली नाही.

सकाळी तो निडीला उतरला तेव्हा हौसा नेहमीच्या जागी उभी होती. किल्ली दिली. भाताचं काही बोलली नाही.

"काडतुसं काढा," ती म्हणाली. "मोदक लावा."

"काय?"

ती डब्यात चढली, दारात उलटी वळली. "मोदक! पट्ट्यावर! जवानाचं टोपडं काढून फेटा बांधते. नजर त्याची तशीपण भक्ताचीच हाय!"

गुणाजीतला निष्णात माणूस दुखावला गेला. गाडीबरोबर चालू लागत तो ओरडला, "अगो, पण मग बोल्ट बाहेर काय टाकंल? रिकामं काय उरंल?"

"काय उरत नाय!" गाडीनं वेग घेतला होता, हौसाचा आवाज वाऱ्यावर तुटत आला. "देव खातो!"

तो घरी गेला, भात खाल्ला नाही, पडला. मिटल्या डोळ्यांपुढून नेहमीची बंदूक आली. पट्टा सरकला. पट्ट्यावर पांढरे, कळीदार मोदक होते, एकामागे एक, वाफाळणारे. बोल्टनं एक उचलून पुढे नेला आणि रिकामा परत आला. कुठे खरखर नव्हती. वेग अगदी बरोबर होता, कारण मोदक कोणीही घाईनं खात नाही. रिकामं टाकायची खिट्टी काढून टाकली की अर्ध्या अडचणी संपत होत्या. इतकी वर्षं बंदुका बहुतेक तिथेच अडायच्या. गुणाजी उठून बसला. दुपारची गाडी होती. ती त्यानं पकडली.

आदेश परत आला तो देखाव्यासाठी आधी दिलेली अनामत परत मागायला. काळुरामनं त्याला आधी बसवलं. या वेळी चहा दिला नाही. समोर सोंड वळवलेला गणपती होता, बाजूला पिवळा फेटा बांधलेला सेवक, त्याच्या हातांत नक्षीचा लाकडी दांडा. पट्टा एक घर सरकला. दांडा पुढे गेला, मोदक सोंडेपाशी पोचला, सोंडेआड दिसेनासा झाला आणि आतल्या बाजूनं गुपचूप पट्ट्यावर परत आला. सेवक या सगळ्याकडे न बघता आदेशकडे बघत होता. अपार मायेनं.

आदेशनं खुर्ची पुढे ओढली. पुढचा मोदक जाईपर्यंत थांबला. मग त्याच्या पुढचा.

"हा कधी थांबतो?" त्यानं शेवटी विचारलं.

"लाइट गेली की," हौसा आतून म्हणाली.

मंडळानं देखावा उचलला. गणेशोत्सवात पब्लिक थांबलं, काही ठिकाणी बसलं. पुढच्या हंगामासाठी आणखी मंडळांनी तसाच मागितला. एकानं लाडूचा मागितला, तो गुणाजीनं विचारार्थ ठेवला आहे, कारण लाडू पट्ट्यावरून घरंगळतो. त्यानं शिट्टी परत केली. एजन्सीनं त्याचं वर्णन अजून बदललेलं नाही.

आता दोघं सकाळी निडीहून एकाच गाडीनं जोह्याला जातात. हौसा खिडकीशी बसते. गुणाजी नागोठणं यायच्या आधीच झोपलेला असतो.